शकूचा घड्याळांचा डबा

शकू,

तेरावा आटोपला. मांडव निघाला, मोठी पातेली परत गेली, पाहुणे आपापल्या गाडीला लागले. बालाजीनं नांदेडहून तुझी घड्याळांची ट्रंक लातूरला आणली, माझ्या खाटेखाली सरकवली आणि डबा माझ्या हातात दिला. तोच बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाची कड गंजलेली.

"आई, रविवारी पुण्याचा एक माणूस येणार आहे," तो म्हणाला. "जुनी घड्याळं घेतो. ट्रंक घेईल, पण डबा त्याला आधी पाहिजे."

ट्रंकेचं मला काही वाटलं नाही. माणूस गेलं की त्याच्या वस्तू जातात, मी आईची भांडीही अशीच वाटून टाकली होती. पण डब्यावर हात ठेवून मी बसून राहिले. दवाखान्यात तू म्हणाली होतीस, "आक्का, ट्रंक कुणालाबी दे. डब्याचं तू बघ." काय बघू, ते सांगितलं नाहीस. जन्मभर तुझी हीच रीत, अर्धं सांगायचं आणि अर्धं माझ्या गळ्यात टाकायचं. मी विचारणार तेवढ्यात नर्सनं मला बाहेर काढलं. तूही नर्सच होतीस, तूही लोकांना असंच बाहेर काढलं असशील, म्हणून मी तिला काही बोलले नाही.

आता डब्याचं ठरलं आहे. तेच सांगायला बसले आहे. पण आधी आपलं भांडण पुरं करते. ते माझ्याकडून अर्धं राहिलं होतं आणि तुझ्याकडून तर सुरूच झालं नव्हतं.

तू नर्सच्या ट्रेनिंगला गेलीस तेव्हा नाडी मोजायला सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ लागतं म्हणालीस. नवं घेणं बापाला झेपणारं नव्हतं. तू नांदेडच्या जुन्या बाजारात गेलीस आणि पुरुषाचं, चावीचं, मागं कुणाचं तरी नाव कोरलेलं घड्याळ घेऊन आलीस. आई म्हणाली, दुसऱ्याच्या नवऱ्याचं घड्याळ पोरीच्या हातात बरं दिसत नाही. तू म्हणालीस, "नाडी माझ्या हातात हाय, घड्याळ कुणाचं का असंना."

तेव्हाच्या लग्नात नवऱ्या मुलाला घड्याळ द्यायची पद्धत होती. सासरा द्यायचा. मागच्या झाकणावर नाव कोरून घ्यायचा, म्हणजे गावात दाखवता यायचं. नवरदेव ते घालून मिरवायचा, वरातीत हात मुद्दाम वर धरायचा. पुढं सेलची घड्याळं आली, स्वस्त, चावी न लागणारी, आणि लोकांनी ती लग्नातली काढून टाकली. बाजारात पोत्यावर पडलेली असायची, कुलपांच्या आणि नळाच्या तोट्यांच्या शेजारी. ती तू वेचलीस. तुझं स्वतःचं लग्न जमलं नाही. नर्स म्हटलं की स्थळं उठून जायची. आणि तू लोकांच्या लग्नातली घड्याळं गोळा करत बसलीस. भावकीतल्या बायका हसायच्या. मीही हसले आहे.

तुझ्याबरोबर बाजारात जायची मला लाज वाटायची. तू घड्याळाकडं बघायचीसच नाही. पोत्यासमोर उकिडवी बसायचीस, एखादं बंद घड्याळ उचलायचीस आणि विचारायचीस, "ह्या पट्ट्याचं काय घेता?"

विकणारा म्हणायचा, "पट्टा कैसा देऊ आपा? घडी के साथ है."

"घडी काढून ठेवा की. बंद हाय. मला पट्टा पायजे."

"घडी निकालने में पट्टा टूटेगा."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणून तू उठायचीस. चार पावलं गेली की मागून हाक यायची, आणि पट्ट्याच्या भावात घड्याळ तुझ्या पिशवीत पडायचं. एकदा त्या विकणाऱ्यांतल्याच एका म्हाताऱ्यानं तुला सांगितलं, "आपा, बीस साल से पट्टा ले रही हो. कभी पट्टा बदला तो नहीं." तू न लाजता म्हणालीस, "चच्चा, तुम्ही वीस वर्षं देऊन राहिले, मी घेऊन राहिले." तो हसून हसून खोकायला लागला. त्या दिवशी त्यानं चहा पाजला, पण भाव कमी केला नाही.

चालू घड्याळ तू कधी घेतलं नाहीस. परवडत नाही म्हणायचीस. तीन बंद घ्यायचीस आणि त्यांतून एक चालू करायचीस. कंधारला असताना तुझ्या खोलीत मी आले होते. खोलीत पलंग, स्टोव्ह आणि खिडकीखाली पाट. पाटावर पांढरं कापड आणि त्यावर सगळं सुटं करून ठेवलेलं. मी म्हणाले, "एवढ्या पगारात बाई माणसं पाटल्या करतात." तू एका घड्याळाचं मागचं झाकण काढलंस आणि माझ्यापुढं धरलंस.

"बघ."

मी बघितलं. आत एक बारीक चक्र होतं, नखाएवढंही नाही. ते इकडं फिरायचं आणि परत तिकडं फिरायचं. थांबत नव्हतं. त्याच्या मध्यात केसासारखी तार गुंडाळलेली होती, ती आवळायची आणि सैल व्हायची, झोपलेल्या लेकराचं पोट हलतं तशी.

"सेल कुठं हाय?" मी विचारलं.

"सेल न्हाई."

"मग कशावर चालतंय?"

"सकाळी आपण अंगठ्यानं चावी दिली, तो जोर. तेवढाच. तो एकदम खर्च करून टाकत न्हाई, थोडा थोडा सोडतंय. उद्या सकाळपर्यंत पुरवतंय."

मी पोळपाटावर आयुष्य काढलेली बाई. मला जोर म्हणजे कणीक मळायचा, हंडा उचलायचा जोर माहीत. तो दिला की संपला. अंगठ्याचा एवढासा जोर कुणी दिवसभर जपून वापरतं, हे मी पहिल्यांदा बघत होते. देवळात जाऊन माझं मन कधी असं गप्प झालं नाही. तुला मात्र मी म्हणाले, "झाकण लाव, धूळ जाईल." तू हसलीस. तुला कळलं असावं, कारण पुन्हा कधी तू मला घड्याळांबद्दल समजावायला बसली नाहीस.

पुढं लातुरात क्लासेस वाढले. गल्लीत दर तिसऱ्या घरात खोल्या भाड्यानं गेल्या, मी मेस काढली. जळकोटची, देगलूरची, कुठकुठली पोरं सकाळी अंघोळ न करता जेवायला यायची. परीक्षा जवळ आली की तू रजा टाकून यायचीस आणि ट्रंकेतली घड्याळं पोरांच्या हातात बांधायचीस. घड्याळ नसलेली पोरं लई असायची तेव्हा. "चावी जड लागली की थांबायचं. जबरदस्ती करायची न्हाई," एवढं एकच सांगायचीस. परीक्षा संपली की परत घ्यायचीस. पोरं वाढत गेली आणि एका वर्षी ट्रंक अपुरी पडली. मी डब्याकडं बोट दाखवलं.

"ती न्हाई."

"का? ती चालू हायत की."

"ती कुणाची तरी हायत, आक्का."

"कुणाची? वसंताच्या बायकोची?" मी माझं नेहमीचं टोचून घेतलं.

तू ट्रंक बंद केलीस आणि हात धुवायला गेलीस. आता परीक्षेत घड्याळ घालूच देत नाहीत, भिंतीवर एक लावतात सगळ्यांसाठी. तो नियम आला तेव्हापासून तुझी ट्रंक रिकामटेकडी झाली. डबा तर आधीपासूनच तसा होता.

डबा कुठून आला ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथं होते.

भूकंप झाला तेव्हा तू चाकूरच्या दवाखान्यात होतीस. तुम्हाला सगळ्यांना तिकडच्या गावांकडं पाठवलं. काही दिवसांनी तू माझ्या दारात आलीस ती डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या मातीनं भरलेली. मी पाणी तापवलं, जेवायला वाढलं. तू जेवलीस. ताटावरून उठता उठता म्हणालीस, "आक्का, एकाचा हात धरला नाडी बघायला. नाडी न्हाई. पण टिकटिक लागून राहिली बोटांना. मला वाटलं हाय, नाडी हाय. डॉक्टरला हाक मारली." मग ताट उचललंस आणि मोरीत ठेवलंस. "त्याचं घड्याळ होतं ते. आदल्या सकाळी त्यानंच चावी दिली असंल."

एवढंच. पुन्हा कधी तू ते बोलली नाहीस, मीही काढलं नाही. पण त्यानंतर कुणी भूकंपाच्या वेळी बंद पडलेल्या घड्याळाची गोष्ट सांगायला लागलं की मी तिथून उठून जाते. भिंतीवरची पडली असतील, फुटली असतील. हातातली चालत होती.

थोड्या दिवसांनी आपण गंजगोलाईच्या बाजारात गेलो होतो, मेससाठी मिरची घ्यायला. रस्त्याच्या कडेला एकानं पोत्यावर घड्याळं मांडली होती. चावीची, बरीच. पट्ट्यांच्या सांध्यात पांढरी माती. तू बसलीस. मी मनात म्हणाले, आता पट्ट्याचा भाव विचारणार. तू विचारलंस, "कुठली हायत?"

तो म्हणाला, "तिकडचीच हैत. कुणी इकून गेलं, कुणी उचलून आणली. आपल्याला काय म्हाईत."

तो जे बोलला ते तू दिलंस. सगळीच्या सगळी घेतलीस. मिरचीची पिशवी रिकामी करून त्यात भरलीस. मी रस्त्यात तुझ्यावर ओरडले. तू ऐकत होतीस असं मला वाटत नाही.

ती सगळी तू साफ केलीस, चालू केलीस. बंद घड्याळ कुणाच्या हातात द्यायचं नाही म्हणालीस. पुढं भूकंपातल्या लोकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेकरांना सुया द्यायला तुमची गाडी जायची. एकदा मीही आले, वाटायला भाकरी घेऊन. तू टेबलावर कापड पसरलंस आणि घड्याळं मांडलीस. "ओळखीचं वाटलं तर उचला," म्हणालीस. एका म्हाताऱ्यानं पट्ट्याला गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेवरून पोराचं घड्याळ ओळखलं. नाकाजवळ नेलं, वास घेतला, खिशात टाकलं आणि गेला. एकीनं काचेवरच्या रंगाच्या ठिपक्यावरून ओळखलं, दार रंगवताना उडाला होता म्हणाली. दोन-चार गेली अशी.

मग ती आली. सरूबाई. तेव्हा नाव माहीत नव्हतं. पदर घट्ट लपेटलेला, वयानं लहान. बराच वेळ उभी राहिली. मग एकावर बोट ठेवलं. "हे आमचं."

"कुणाचं?" तू विचारलंस.

तिनं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती. मागची बाई बोलली, "किसनची बायको हाय ती. किसन गेला."

तू घड्याळ उलटं केलंस. मी तुझ्या खांद्यावरून बघत होते. अक्षरं ठसठशीत होती, चौथी शिकलेल्या बाईलाही वाचता यावीत अशी. चि. वसंत यास सप्रेम भेट. तूही वाचलंस, मी तुला वाचताना बघितलं. मी तुझं कोपर दाबलं. तू माझा हात बाजूला केलास, घड्याळाला चावी दिलीस आणि तिच्या तळहातावर ठेवलंस. "रोज सकाळी चावी देत जा," म्हणालीस. ती गेली.

परतीच्या गाडीत मी तुला सोडलं नाही.

"ती खोटं बोलली."

"हाव."

"तुला दिसलं."

"हाव."

"मग?"

"मग काय?"

"उद्या वसंताची बायको आली तर काय देशील?"

तू खिडकीतून बाहेर बघायला लागलीस. ते भांडण तिथं सुरू झालं आणि मी ते तीस वर्षं चालवलं. तू भाजी महाग आणलीस, भाडेकरूला दया दाखवलीस, कुणाला काही देऊन टाकलंस की मी विचारायची, "काय शकू, वसंताची बायको आली का?" घरातल्या पोरांच्याही तोंडात ते बसलं. बालाजी लहानपणी विचारायचा, ही वसंताची बायको कोण? मी म्हणायची, तुझ्या मावशीला विचार. तू त्याला खारीक द्यायचीस आणि विषय बदलायचीस. एकदाही कारण सांगितलं नाहीस. मला वाटलं, तुझ्याकडं कारणच नाही.

परवा पुण्याच्या त्या माणसाचा फोन आला. बालाजीनं मोठा आवाज करून माझ्यासमोर धरला.

"काकू, नमस्कार. ती भूकंपातलीच आहेत ना नक्की?"

"हायत."

"वा. किती वाजता थांबली आहेत?"

"कोण?"

"घड्याळं."

"चावीची हायत ती. चावी संपली तवा थांबली."

तो म्हणाला, "हरकत नाही. सगळ्यांचे काटे त्या पहाटेच्या वेळेवर आणून ठेवा. फोटो चांगला येतो. आणि मागची नावं घासू नका हं, नावांना किंमत येते."

"बंद कर ते," मी बालाजीला म्हणाले.

"आई, तो वाईट काय बोलला?"

"काही न्हाई. आला की जेवायला वाढ त्याला, उपाशी वाटतोय."

बालाजी चिडला. पण तो जे बोलला ते खोटं नव्हतं. म्हणाला, "आई, तू तरी काय करणार आहेस? डब्यात ठेवणार. तू गेलीस की मी ठेवणार. गंजून जातील. मावशीनं तीस वर्षं ठेवली, कोण आलं?" रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही तेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. होय म्हणून टाकावं असं वाटायला लागलं होतं.

काल, शुक्रवारी, दुपारची पंगत उठली आणि दारात एक बाई उभी राहिली. पिकलेले केस, हातात पिशवी, पायाला धूळ. "सिस्टरबाईंची बहीण तुम्हीच का?" तुझं उशिरा कळलं तिला, गावात येणाऱ्या आरोग्यवाल्या पोरीकडून. तेराव्याला पोचता आलं नाही म्हणाली. मी तिला पाणी दिलं. तांब्या धरायला तिनं हात पुढं केला, तर मनगटावर पुरुषाचं घड्याळ, ढिलं, पट्ट्याला रबर लावून वर सरकवलेलं. चालू.

मी म्हणाले, "हे वसंताचं."

ती पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवला. "हाव."

"तुला म्हाईत व्हतं?"

"वाचता न्हाई आलं, पर मालकाचं न्हवं हे म्हाईत व्हतं की. मालकाकडं घड्याळच न्हवतं, बाई."

मग तिनं सांगितलं. लग्नात तिच्या बापानं सायकल आणि घड्याळ कबूल केलं होतं. सायकल दिली. घड्याळ दिवाळीला देतो म्हणाला. दिवाळी गेली, पुढची गेली, बाप गेला. घड्याळ राहिलं. सासू बोलायची, नवरा नाही. पण पारावर कुणी किती वाजले विचारलं की तो रिकामं मनगट डोळ्यांजवळ धरायचा आणि म्हणायचा, "सासऱ्याला इच्चारून सांगतो." सगळा पार हसायचा. तोही हसायचा. "त्यो मनानं वाईट न्हवता हो," सरूबाई म्हणाली, "पर मला पाणी भरताना तिथनंच जावं लागायचं."

"आन् मग भूकंप झाला," ती म्हणाली. "बाईनी टेबलावर एवढी घड्याळं मांडली. मला वाटलं, ह्यांत यक आपलं निघतंय. म्हनून बोट ठिवलं."

मी विचारलं, "शकूला सांगितलंस कधी?"

"पुढल्या खेपंला सुया द्यायला आल्या तवाच सांगितलं. परत घ्या म्हनलं. रडले मी. तर म्हनल्या, तुझ्या बापानं न्हाई दिलं, मी दिलं समज. आता हे किसनचं. चावी देतीस का, तेवढं सांग." तिनं मनगटावरून पदर फिरवला. "वसंताचं बी बघितलं मी. धा गावांत इच्चारलं. वसंत लई हायत, पर कुनी घड्याळ हरवलेलं न्हाई. त्या घरात कुनी राहिलंच नसंल."

शकू, तुला कळत होतं. पुढल्या खेपेलाच कळलं होतं. तीस वर्षं मी तुला वसंताच्या बायकोवरून टोचत होते आणि एका वाक्यात तू माझं तोंड बंद करू शकली असतीस. नाही केलंस. ती गोष्ट सरूबाईची होती म्हणून तू माझ्यासमोर खुळी ठरत राहिलीस, दिवाळीत, लग्नात, पोराटोरांसमोर, खारीक वाटत. माझ्याच्यानं एक दिवस झालं नसतं.

आणि याच्याही पुढचं एक आहे, ते मला कालपासून सोडत नाही. ते कारण तुला नंतर कळलं. टेबलाशी उभी असताना काहीच कळलेलं नव्हतं. समोर एक बाई होती, तिनं खोटं सांगितलं आणि ते खोटं तुझ्या हातात कोरलेलं होतं. तरी तू चावी दिलीस. पट्ट्यासाठी चार पावलं चालून जाणारी तू. मी पुष्कळ विचार केला. त्याच्या मागं काय होतं ते मला दिसत नाही. त्या बारीक चक्राकडं बघताना झालं होतं तसंच होतंय, एवढंच सांगू शकते. हे तुला जिवंतपणी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "आक्का, झाकण लाव."

मी सरूबाईला विचारलं, "तुमच्या गावात आणखी कुणाचं घड्याळ राहिलंय का असं?"

ती हसली. काल पहिल्यांदाच हसली. "कुनाचं राहिलं न्हाई ते इच्चारा. आमच्याकडं निम्म्या लग्नांत घड्याळ बोलीतच राहिलं."

मी डबा आणला. कणकेची परात बाजूला सारली आणि घड्याळं ओट्यावर काढली. आम्ही दोघींनी एकेकाला चावी दिली, जड लागली की थांबत. काही लगेच चालली, काहींना हलवावं लागलं, काही नाहीच चालली. बालाजी आपल्या अभ्यासिकेतून आला आणि दारात उभा राहिला. मला वाटलं आता बोलेल. त्यानं ओट्यावर बघितलं, सरूबाईकडं बघितलं, आणि विचारलं, "ह्याच का त्या, वसंताच्या बायको?"

"न्हाई," मी म्हणाले. "किसनच्या."

उद्या तो पुण्याचा माणूस येईल. डब्याशिवाय ट्रंक घेत नाही असं बालाजीनं त्याच्याकडून आधीच ऐकलंय. नाही घेतली तर नाही. घेतली तर तुझ्यासारखं ओढून धरता येतं का बघते.

चालली तेवढी घड्याळं परत डब्यात भरली. मी सरूबाईला म्हणाले, "ज्या म्हणतील आमचं, त्यांना दे. मागं कुणाचं नाव हाय ते बघत बसू नको."

"मला कुठं वाचता येतंय," ती म्हणाली.

बालाजीनं गाडीवरून तिला बस स्टँडवर सोडलं. मीही मागून रिक्षानं गेले, कशाला ते विचारू नको. ती खिडकीशी बसली होती, डबा मांडीवर. गाडी निघायला वेळ होता. तिनं डबा उचलला आणि कानाला लावला. स्टँडवर एवढा कालवा होता, पोरं क्लासच्या बॅगा घेऊन पळत होती, कंडक्टर ओरडत होता, तरी ती बराच वेळ तशीच बसली.

"चालू हायत का?" मी खालून विचारलं.

तिनं हातानं मला गप्प बसायची खूण केली.